चहाला या, सविस्तर बोलू

दोह्यात गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीच्या तोंडावर, फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी भलत्याच लाघवी आवाजात "काय वहिनी, विसरलात ना आम्हाला?" म्हणतं, आणि आमच्या घरात दोन शक्यतांवर खल सुरू होतो. पहिली म्हणजे आपण भारतात कधी जाणार हे त्या माणसाला हवं असतं, कारण आपल्या बॅगेतून त्याला सासूबाईंसाठी बदाम आणि दूध पावडर पाठवायची असते. दुसरी म्हणजे तो कुठल्यातरी कंपनीचा डिस्ट्रिब्यूटर झालेला असतो. बदाम निघाले तर बायको हुश्श करते आणि बॅग तोलायचा काटा शोधायला लागते.

दुसऱ्या प्रकारातला माणूस फोनवर काहीच सांगत नाही. "फोनवर सांगण्यासारखं नाही हो ते. चहाला या, सविस्तर बोलू." आखातात फोनवर न सांगण्यासारख्या गोष्टी मोजक्याच. नोकरी गेली, नाहीतर मुलीनं परस्पर लग्न ठरवलं. त्यामुळे आपण काळजीनं जातो. गेल्यावर कळतं की नोकरी शाबूत आहे, मुलगी अजून तिसरीत आहे आणि यजमानांना फक्त श्रीमंत व्हायचं आहे. त्यासाठी आपण लागतो.

अशाच एका चहाला आम्ही नजमा भागातल्या एका फ्लॅटवर गेलो होतो. टीव्हीला टेकवून पांढरा फळा ठेवलेला. सोफ्यावर चार मराठी जोडपी, एकमेकांकडे न बघता बाकरवडी खाणारी. आपल्याला का बोलावलंय हे प्रत्येकाला कळलेलं असतं, पण आपल्याला कळलंय हे दुसऱ्याला कळू नये असंही वाटत असतं. मग अल वक्राहून एक 'सर' आले. बाहेर चाळीसच्या वर तापमान आणि सरांच्या अंगात कोट, गळ्यात टाय. यजमानांनी ओळख करून दिली, "हे आमचे अपलाइन." सासऱ्यांचीही ओळख इतक्या आदरानं करून दिलेली मी पाहिलेली नाही.

सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं स्वप्न काय?" मराठी माणसाला चारचौघांत स्वप्न विचारणं म्हणजे त्याचा पगार विचारण्यापेक्षा वाईट. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक गृहस्थ चाचरत म्हणाले, "कोथरूडला थ्री बीएचके." दुसरे रास लफानच्या गॅस प्रकल्पावर कामाला, पहाटे अंधारात बस पकडणारे. ते म्हणाले, "रोज दुपारची झोप." सरांनी दोन्ही स्वप्नं फळ्यावर लिहिली आणि त्यांच्याखाली एक गोल काढला. तो गोल म्हणजे तुम्ही. तुमच्याखाली सहा गोल. त्या प्रत्येकाखाली आणखी सहा. "तुम्हाला फक्त सहाच माणसं आणायची आहेत, सहाच! बाकी सगळं आपोआप."

मी पोटापाण्यासाठी एका बांधकाम कंपनीचे हिशेब लिहितो, त्यामुळे 'आपोआप' हा शब्द ऐकला की माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. बाकरवडीखालच्या टिश्यूवर मी मांडायला घेतलं. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, बाराशे शहाण्णव. सातव्या फेरीत २,७९,९३६ माणसं. आठव्या फेरीत १६,७९,६१६. नवव्या फेरीला लागतात १ कोटी ७७ हजार ६९६. आणि कतारची सगळी वस्ती, शेखांपासून काल रात्रीच्या विमानानं उतरलेल्या गवंड्यापर्यंत आणि आजच सिदरा हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळांसकट, तीस लाखांच्या आसपास. म्हणजे आठव्या फेरीतले पावणेसतरा लाख लोक आपापल्या सहा माणसांच्या शोधात कॉर्निशवर येरझाऱ्या घालणार आणि समोरून येणारा प्रत्येक जण आधीच डिस्ट्रिब्यूटर असणार. टिश्यू मी शेजारच्या रास लफानवाल्यांकडे सरकवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "मग झोपेचं काय?"

त्यानंतर प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी, पाण्यात आयोडिनचे थेंब. पाणी तपकिरी झालं. "हे तुमचं शरीर. यात काय काय साठलंय बघा." मग कंपनीची एक पुडी त्यात रिकामी केली, चमच्यानं ढवळलं, आणि पाणी लख्ख! चारही जोडप्यांनी बाकरवडी खाली ठेवली. आमची बायको रसायनशास्त्राची पदवीधर आहे. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग कुकरची शिट्टी मोजण्यापलीकडे झाला नाही, अशी तिची जुनी तक्रार आहे. त्या संध्याकाळी ती उठली, स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू घेऊन आली, दुसऱ्या ग्लासात आयोडिन टाकलं आणि लिंबू पिळलं. पाणी लख्ख. "क जीवनसत्त्व आहे हो," ती म्हणाली, "आयोडिनचा रंग घालवतं. त्याचा शरीराशी काय संबंध?"

मला वाटलं, आता सभा मोडते. पण मी सरांना ओळखलं नव्हतं. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "बघितलंत? असा कॉन्फिडन्स पाहिजे! वहिनी, तुमच्यासारख्या लीडरच आम्हाला हव्यात." या धंद्यातली खरी कला मला तिथे दिसली. शंका घेतली तर तुम्ही हुशार आहात, म्हणून या. गप्प बसलात तर तुम्हाला पटलंय, म्हणून या. नाही म्हणालात तर तुम्हाला भीती वाटते, आणि भीती घालवायची असेल तर या.

हे काही दोह्यातच उगवलेलं पीक नाही. आमच्या पिढीच्या मराठी माणसानं पुण्या-मुंबईत नव्वदच्या दशकाअखेरीस जपान लाइफच्या चुंबकाच्या गाद्या पाहिल्या आहेत. ज्या घरात फ्रीजचा हप्ता फिटायचा होता, त्या घरात कंबरदुखीवर लाखाच्या घरातली गादी आली आणि मग कंबर धरून ती गादी दुसऱ्याला विकायची वणवण सुरू झाली. जपानमध्ये त्याच नावाच्या, चुंबकाच्या गाद्याच विकणाऱ्या कंपनीचं २०१८ साली दिवाळं वाजलं. आपल्याकडे २०१०-११ मध्ये स्पीक एशिया आली होती. ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या सर्वेक्षणं भरून पैसे मिळवा. आयुष्यात कुणी ज्यांचं मत विचारलं नव्हतं अशा लाखो लोकांना आपल्या मताचे पैसे मिळणार म्हणून कोण आनंद झाला होता! पुढे पोलिसांनी त्यांचं मत विचारलं, ते फुकटात. २०१३ साली क्यूनेट कंपनीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा नोंदला गेला. तिथे तर विकायला काचेची चकती होती. देशात १९७८ पासून पैशांची साखळी फिरवण्यावर बंदी घालणारा कायदा आहे, २०२१ साली थेट विक्रीचे नियम आले आणि त्यांत पिरॅमिड योजनांना मनाई झाली. पण सरांसारख्या माणसाला कायदा दाखवला की तो म्हणतो, "आमचं तसं नाही, आमच्यात प्रॉडक्ट आहे."

आता प्रॉडक्ट असतंच. प्रश्न असा की त्यातून विकणाऱ्याला मिळतं काय? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ साली अशा ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले कमाईचे तक्ते वाचून काढले. बहुतेक विक्रेत्यांची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी. म्हणजे महिन्याला ८४ डॉलरसुद्धा नाहीत, आणि खर्च वजा व्हायचाच आहे. एका डॉलरचे ३.६४ रियाल धरले तर झाले साधारण ३०६ रियाल. कतारमध्ये २०२१ पासून किमान वेतनाचा कायदा आहे: १,००० रियाल पगार, मालकानं राहायची सोय केली नाही तर ५०० आणि जेवणाची केली नाही तर ३०० रियाल भत्ता. म्हणजे कोट घालून, फळा उचलून, ओळखीच्या समस्त वहिनींना फोन करून अमेरिकेतला बहुसंख्य डिस्ट्रिब्यूटर जास्तीत जास्त किती मिळवतो, तर इथल्या मजुराला नुसत्या जेवणाचा म्हणून मिळतो तेवढा भत्ता. त्यातूनच पुन्हा बाकरवडी आणायची.

आमच्या ऑफिसातला टीबॉय नेपाळचा. एक दिवस चहाचा ट्रे हातात तसाच धरून त्यानं मला विचारलं, "सर, हे डिस्ट्रिब्यूटर व्हायचं किट घेऊ का?" किटाची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती आणि खोलीतला एक जण त्याला उसने द्यायला तयार होता. मी म्हटलं, "विकणाऱ्याला सांग, किटाचे पैसे माझ्या पहिल्या कमिशनातून कापून घ्या." त्यानं तसं सांगितलं. तो विकणारा पुन्हा त्यांच्या खोलीकडे फिरकला नाही. टीबॉय मात्र बरेच दिवस माझ्यावर जरा नाराज होता. त्याला वाटत होतं, मी त्याची संधी घालवली.

सर ज्यावर सगळ्यात जास्त बोलले ते म्हणजे आयुष्यभराचं उत्पन्न. "तुम्ही झोपलात तरी पैसा येत राहणार, तुमच्यानंतर मुलांना मिळणार." हे ते कुणाला सांगत होते? ज्यांच्या खिशातल्या कतार आयडीवर मुदत छापलेली आहे अशा माणसांना! इथे नोकरी आहे तोवर राहणं आहे. नोकरी संपली की फायनल एक्झिट, सोफा विक्रीला, मुलांचे शाळेचे दाखले आणि विमान. २०२२ चा विश्वचषक झाला, स्टेडियमं, मेट्रो, रस्ते बांधून झाले आणि कितीतरी ओळखीची घरं आवरली गेली. फळ्यावरच्या त्या गोलांतला एखादा गोल उठून नागपूरला गेला की त्याच्याखालचे सहा पोरके. शिवाय इथे ज्याच्या व्हिसावर आलात त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणासाठी काम करायचं तर परवानगी लागते. मी हे विचारल्यावर सर म्हणाले, "हे काम नाहीच, ही जीवनशैली आहे." गेटवरच्या पोलिसाला जीवनशैली अरबीत कशी समजावणार, हे विचारायचं राहिलं. आणि शेजारच्या सौदी अरेबियात तर फतवा देणाऱ्या विद्वानांच्या स्थायी समितीनं असल्या साखळ्यांना केव्हाच हराम ठरवलं आहे. ते बहुधा चहाला गेलेच नसावेत.

मग हे चालतं कशावर? माझं मत स्पष्ट आहे: भिडेवर. मुलुंडला असता तर माणूस असल्या आमंत्रणाला "आज जरा मामेबहिणीकडे जायचंय" म्हणून सुटतो. दोह्यात मामेबहीण नाही. इथे रात्री मूल तापलं तर गाडी काढणारा हाच शेजारी, गणपतीत आरतीला हाच, विमानतळावर सोडायला हाच. त्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून वहिनी शाम्पू घेतात. तो शाम्पू केसांना लागत नाही, नात्याला लागतो. लुलू सुपरमार्केटमध्ये त्याच पैशात तीन बाटल्या आल्या असत्या, तिथे एक येते. उरलेल्या दोन बाटल्यांचे पैसे हा भिडेचा भाव. तोच वर, सरांच्या सरांपर्यंत वाटला जातो. भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात ते उगीच नाही. फक्त इथे एका बहिणीच्या हातात रंगीत कॅटलॉगही असतो. एका घरी हळदीकुंकवाला वाण म्हणून क्रीमच्या नमुन्याच्या पुड्या आल्या, आणि त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मोबाइल नंबर! सवाष्णीनं ओटी भरून घ्यावी की ऑर्डर द्यावी?

गिऱ्हाइकाच्या बाजूनं एकच गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. टपरवेअरचा डबा चांगला होता. आमच्याकडे असा एक आहे, लोणच्याचा, सासूबाईंनी ठाण्यात कुणाच्या तरी घरच्या पार्टीत घेतलेला. तो तीन देश फिरला, कधी सांडला नाही. खुद्द कंपनीनं २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी डब्याचं झाकण अजून तसंच घट्ट बसतं. तेव्हा वस्तू वाईटच असते असं मी म्हणणार नाही. ती लुलूच्या फडताळावर, ओळखपाळख नसलेल्या माणसानं, त्याच किमतीला ठेवली असती तर उचलली असती का, एवढंच स्वतःला विचारावं. डबा उचलला असता. काचेची चकती नसती उचलली.

आमचे यजमान पुढे वर्षभर नेटानं लढले. सिल्व्हर झाले, गोल्डच्या उंबरठ्यावर पोचले. सूक वाकिफजवळच्या गोल्ड सूकमध्ये कुणीही दुकानात शिरून पैसे टाकून खरं सोनं घेऊन बाहेर येतं. यांना मात्र गोल्ड व्हायला दर महिन्याला स्वतःच माल उचलावा लागत होता, आणि तो सगळा पलंगाखाली जात होता. भेटले की म्हणायचे, "आता डायमंड लांब नाही." मग त्यांच्या प्रकल्पाची मुदत संपली. पोरांच्या परीक्षा आटोपल्यावर आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, फोटोसकट: 'फायनल एक्झिटमुळे विकणे आहे. थ्री सीटर सोफा, उत्तम स्थितीत, ४०० रियाल. सोबत प्रोटीन पावडरचे बारा डबे आणि कोरफडीचा रस एक खोका, दोन्ही सीलबंद, सोफ्याबरोबर मोफत.'

दिवसभर कुणीच काही लिहिलं नाही. रात्री रास लफानवाल्यांनी विचारलं, "सोफा नुसता मिळेल का? हवं तर पन्नास जास्त देतो."