शेवटचा खर्च, पहिलं कमिशन

अमेरिकेत येऊन ग्रीन कार्ड हातात पडलं आणि त्याच सुमारास नोकरी हातातून गेली, अशा होतकरू मराठी माणसासाठी हे मार्गदर्शन आहे. धंदा सोपा. पन्नाशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यानच्या माणसाला पाच ते पंचवीस हजार डॉलरचा छोटा आयुर्विमा विकायचा, म्हणजे तो गेल्यावर पोरांना दफनासाठी वर्गणी काढावी लागणार नाही. याला इथे 'फायनल एक्स्पेन्स' म्हणतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊ नये, असं आपल्याकडे बजावतात हे आम्ही जाणतो. पण इथलं गिऱ्हाईक सही करताना हयात असतं. सबब म्हण लागू होत नाही.

धंद्याला कुळही आहे. 1875 साली न्यूअर्कमध्ये प्रुडेन्शियल या विमा कंपनीने मजुरांकडून दर आठवड्याला काही सेंट घेऊन दफनापुरता विमा द्यायला सुरुवात केली. एजंट वही घेऊन दारोदार वसुलीला जायचे. हे न्यूअर्क न्यू जर्सीतच, आपली माणसं राहतात त्या एडिसनपासून फार लांब नाही. तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी नाक मुरडलंच, तर आपण स्थानिक परंपरा चालवतो आहोत असं सांगावं.

दोन आकडे मात्र झोपेतही आठवले पाहिजेत. अंत्यदर्शन आणि दफन धरून अंत्यविधीचा मध्यक खर्च 2023 मध्ये 8,300 डॉलर होता. हा इथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचाच आकडा. आणि सोशल सिक्युरिटी मृत्यूनंतर एकरकमी देते 255 डॉलर, तेही नवरा-बायको किंवा पात्र मुलं असली तर. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे, तिच्यात तुमचं पोट आहे.

आता प्रशिक्षण. सरकारी भाग कंटाळवाणा आहे, तो उरकून घ्या. राज्याचा परवाना लागतो. न्यू जर्सीत त्यासाठी 20 तासांचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग बोटांचे ठसे. मनी लाँडरिंग रोखण्याचा एक ऑनलाइन कोर्सही करावा लागतो, कारण एखादा तस्कर दहा हजारांच्या दफन विम्यातून काळा पैसा पांढरा करील, अशी भीती कुठेतरी कोणाला तरी वाटली असावी. शिवाय तुमच्या चुकीबद्दल गिऱ्हाइकाने दावा ठोकला तर, म्हणून तुमचाही एक विमा. तो विकणाऱ्यालाही कमिशन मिळतं.

खरं शिक्षण यानंतर, अपलाइनकडे. अपलाइन म्हणजे ज्याच्यामार्फत विमा कंपन्या तुम्हाला करार देतात तो. तुम्ही त्याच्यामार्फत विकलेल्या प्रत्येक पॉलिसीतला वाटा त्याला जातो, म्हणून त्याला तुमच्याबद्दल मनापासून आपुलकी असते. तो तुम्हाला एक संहिता देईल. ती तोंडपाठ करा. म्हातारी "विचार करून सांगते" म्हणाली की काय म्हणायचं, "मुलाला विचारते" म्हणाली की काय, आणि "मी असलं कार्ड कधी पाठवलंच नाही" म्हणाली की काय, हे सगळं तीत आहे. "नको" म्हणाली तर उठून यायचं, एवढं मात्र तीत सापडत नाही.

ते कार्ड म्हणजे लीड. वृद्धांच्या घरी टपालाने एक पत्र जातं, दिसायला जरासं सरकारी, आणि त्यात 255 डॉलरचा उल्लेख ठळक. भरून परत आलेलं एकेक कार्ड एजंटाला साधारण तीस-चाळीस डॉलरला पडतं. फेसबुकवरचं स्वस्त मिळतं. तिथल्या काही फॉर्मांत वारसाच्या नावाबरोबर आवडता छंदही विचारतात, म्हणजे नंतर फोनवर "फॉर्म तुम्हीच भरलात, मासेमारी लिहिलंय बघा" असं पटवता येतं. विकून विकून शिळी झालेली कार्डं तर काही डॉलरला मिळतात. ती नवशिक्यांना देण्याचा प्रघात आहे.

घरात गेलात की थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. सोफ्यावर बसलात तर नातवंडांचे फोटो पाहून याल, सही घेऊन येणार नाही. मग औषधं मागायची. आजी किराण्याच्या पिशवीतून बाटल्या आणतील आणि एकेक ओळीने मांडतील. इथे, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, धंद्यातलं एकमेव खरं कौशल्य आहे. या विम्याला वैद्यकीय तपासणी नसते, प्रश्न असतात. आणि कंपनी औषधांच्या दुकानांच्या नोंदी काढून पाहते. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेह, त्याची बहुतेक कंपन्यांना हरकत नसते. गाबापेंटिन दिसलं तर ते कशासाठी हे विचारा. पाठीच्या दुखण्यासाठी असेल तर ठीक, मधुमेहाने पायांच्या नसा गेल्या असतील तर काही कंपन्या दार लावून घेतात. कार्व्हेडिलॉलच्या शेजारी फ्युरोसेमाइड उभं असेल तर हृदयाचा प्रश्न नीट वाचून दाखवा. एका कंपनीत हीच बाई पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षित असते. दुसरीत तिला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि त्याआधी नैसर्गिक मृत्यू आला तर वारसांना भरलेले हप्ते आणि वर साधारण दहा टक्के एवढंच मिळतं. आळशी एजंट सरळ दुसरी विकतो, कारण त्या अर्जात प्रश्न कमी असतात.

हप्त्याची तारीख म्हणजे तुमचं पंचांग. सोशल सिक्युरिटीचे पैसे कोणाला 3 तारखेला येतात, तर कोणाला जन्मतारखेप्रमाणे दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी. हप्ता त्याच दिवशी कापला जाईल असा मुहूर्त धरावा. गुरुवारपर्यंत खातं वीजबिलाने रिकामं झालेलं असतं.

आता गोड भाग. एलआयसीच्या एजंटाला ऐकून भोवळ येईल: इथे करार बरा असेल तर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या शंभर टक्के कमिशन मिळतं. महिना 60 डॉलरची पॉलिसी म्हणजे वर्षाचे 720. त्यातले नऊ महिन्यांचे 540 कंपनी लगेच आगाऊ देते. ते खात्यात आले की अपलाइन सुचवतो, ताबडतोब नवे लीड घ्या. वीस घेतले, सातेकशे गेले. तीन हप्ते भरून आजींनी पॉलिसी बंद केली, कारण लेकीने डोळे वटारले. तुमची खरी कमाई झाली 180, म्हणून कंपनी 360 परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. तुम्ही ते फेडले नाहीत तर नाव अशा यादीत जातं, जी बाकीच्या कंपन्या करार देण्याआधी पाहतात. कार्डं विकणारा मात्र कधीच काही परत करत नाही. अनेकदा तो अपलाइनच असतो.

एव्हाना चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की या साखळीतलं सर्वात खात्रीचं गिऱ्हाईक ती बाटल्या मांडणारी आजी नाही. ती महिना 60 डॉलर देते आणि पॉलिसी टिकवली तर तिच्या पोरांना खरोखर दहा हजार मिळतात. सौदा वाईट नाही. कार्डं, कोर्स, सॉफ्टवेअर आणि मेळाव्याचं तिकीट, हे सगळं घेणारा तुम्ही. यावर अपलाइनकडे तयार उत्तर आहे: मग तुम्हीही डाउनलाइन, म्हणजे आपल्या हाताखालच्या एजंटांची फळी, उभी करा. साहजिकच पहिली यादी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची होते.

तरीही जायचंच असेल तर सहीआधी दोन गोष्टी लेखी मागा. सोडून जायचं झालं तर दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक किती दिवसांत देणार, आणि मी विकलेल्या पॉलिसींचं पुढच्या वर्षांचं कमिशन मी गेल्यावरही माझंच राहणार का. उत्तर लेखी आलं नाही, "आपण कुटुंबासारखे आहोत" असं आलं, तर फोन ठेवा आणि दुसरा अपलाइन शोधा. परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही.