सरकारी बाण आणि खाजगी पाठ

सह्याद्रीच्या घाटवाटांवर हल्ली जे तरुण मला ओलांडून पुढे जातात, त्यांच्या पाठीवरच्या पोपटी आणि नारिंगी नायलॉनी सॅकांविषयी माझ्या मनात जो तिटकारा आहे, तो निखळ तत्त्वनिष्ठेतून उद्भवलेला आहे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती, परंतु राजगडाच्या पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर एका मुलीने "काका, बॅग काय भारी आहे हो तुमची!" असे म्हणताक्षणी माझी वाकलेली पाठ जी ताडकन सरळ झाली, तिने त्या तत्त्वनिष्ठेचे भर पायऱ्यांवर वस्त्रहरण केले. माझी पिशवी लष्करी आहे. ब्रिटिश फौजेने १९३७ साली ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या पायदळाने वर्षानुवर्षे वागवलेल्या सुती सरंजामापैकी ती एक असून, पुण्याच्या जुन्या बाजारात एका गंजक्या पंपाखालून मी ती उपसून काढली. तिला कमरपट्टा नाही, पाठीला वारा लागावा अशी काही तजवीज नाही, बाटलीला कप्पा नाही. पाऊस लागला की तिचे सूत फुगते, वीण आवळते आणि पाण्याला पुष्कळसा अटकाव होतो, हा तिचा गुण मी सर्वांना आवर्जून ऐकवतो. त्याच पावसाने तिचे वजन किती वाढते, हे ऐकवण्याइतका दम मात्र त्या वेळी माझ्यात उरलेला नसतो.

तिच्या झाकणाच्या आतल्या अंगाला काळ्या शाईने उमटवलेला एक बाण आहे, आणि एखादा सहप्रवासी त्याविषयी चौकशी न करताच शेजारी बसलेला दिसला, तर मी ते झाकण सहज म्हणून उघडे टाकतो. हा इंग्रज सरकारचा रुंद बाण. कावळ्याच्या पावलासारखे दिसणारे हे तीन रेघांचे चिन्ह सरकारी मालकीच्या यच्चयावत वस्तूंवर उमटवण्याची वहिवाट इंग्लंडात शतकानुशतके चालत आली. असा बाणांकित माल विनापरवाना बाळगणे हा अपराध आहे, असे तिथल्या कायद्याने सतराव्या शतकाच्या अखेरीसच ठरवून टाकले. कॅनडाने तोच बाण सी या अक्षराच्या पोटात घातला. इंग्लंडातल्या तुरुंगांनी तो कैद्यांच्या कपड्यांवर जागोजाग छापला. म्हणजे शिपाई काय आणि कैदी काय, दफ्तरी दोघांची नोंद एकाच शिक्क्याखाली. परंतु प्रकरणातली खरी गोम याच्या पुढे आहे. सरकारने एखादा जिन्नस निकालात काढला, की त्याच्यावर दुसरा बाण, पहिल्याच्या टोकाला टोक भिडवून, उमटवला जाई; ती त्या जिन्नसाची सेवामुक्तीची सनद. माझ्या पिशवीवर बाण एकच आहे. दुसरा मी भिंग लावून शोधला, उन्हात धरून शोधला, अस्तर उलटून शोधला, नाही. तेव्हा ज्या सरकारची ती होती ते सरकार गाशा गुंडाळून निघून गेले असले, तरी दफ्तराच्या हिशेबी पिशवी अद्याप नोकरीवर रुजू आहे, आणि मी तिचा मालक नसून फार तर बिनपगारी हमाल आहे, असा निष्कर्ष निघतो. पत्नीच्या मते, हा निष्कर्ष काढायला बाणाची गरज नव्हती.

अशा पिशवीचे मरण पट्ट्याच्या मुळाशी असते. जिथे पट्टा पाठीला शिवलेला असतो, तिथे घाम, ओझे आणि काळ हे तिघे मिळून धागा कुरतडतात. डाव्या पट्ट्याची ही दशा झाली, तेव्हा आमच्या आळीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोच्याने जुनी शिवण उसवली, दोरा मेणाच्या गोळीवरून दोनदा ओढला, आणि मग आरी आरपार खुपसून, तिच्या आकड्यात खालचा दोरा धरून वर फासा काढायचा, त्यातून दुसरे टोक ओवायचे आणि दोन्ही हातांनी कचकन आवळायचे, असा एकेक टाका घालत चौकोन पुरा करून आत फुली मारली. पट्टाच विरला होता म्हणून त्याला जोड हवी होती. ती घरच्या पलंगाच्या नवारीतून, गृहखात्याच्या मंजुरीवाचून, कापून घेण्यात आली. पांढरी नवार खाकीशी विजोड दिसेल म्हणून मी ती काताच्या पाण्यात उकळली. रंग विड्याच्या पिंकेकडे झुकला, आणि पहिल्याच पावसात तो माझ्या पांढऱ्या सदऱ्याने डाव्या खांद्यावर कायमचा स्वीकारला.

हल्ली शहरातल्या दुकानांतून नव्या कोऱ्या पिशव्या दगडाने घासून, कडा मुद्दाम उसवून, जुन्या म्हणून विकायला ठेवतात. एकीवर तर मी तीन बाण एका रांगेत छापलेले पाहिले. झीज विकत मिळते, हे पाहून माझा संताप होतो, आणि माझ्याही खांद्यावरची झीज मूळची दुसऱ्याचीच आहे हे आठवून तो संताप नेमका कोणावर काढावा ते समजत नाही.

पाटण तालुक्यातल्या एका गावी, देवळाच्या ओवरीत, एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ माझ्या पिशवीकडे पाहत होते. "कुठल्या पलटणीत व्हता?" त्यांनी विचारले. असा प्रश्न आला की मी एरवी दूर क्षितिजाकडे पाहून मौन धरतो. पण त्यांच्या बसण्यातच हवालदारी होती. मी विम्याच्या कचेरीचे नाव सांगितले.

"तरीच. पट्टा उलटा ओवलाय, पाव्हणं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पट्टा पितळी बकलातून काढला, न पाहता पुन्हा ओवला आणि मोकळे टोक आत दुमडले. मोच्याच्या टाक्यांवरून अंगठा फिरवून "शिवण ब्येस हाय" असा शेराही मारला. मग आत काय असते म्हणून विचारले. चिवडा, चहाचा थर्मास, जादा बनियन आणि टिपणवही, एवढा माझा दारूगोळा मी कबूल केला.

"आमच्या पिट्टूत शक्करपारं असायचं. चादर. काडतुसं." थोडे थांबून ते म्हणाले, "एकाहत्तरला माघारी येताना दोन पिट्टू आणलं. एक माजा, एक जोडीदाराचा."

जोडीदाराचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. हुकमाने वाहिलेले ओझे आणि हौसेने वाहिलेले ओझे यांचे वजन एकाच काट्यावर करता येत नाही, एवढे ध्यानी येऊन मी त्यांना चिवडा पुढे केला, आणि त्यांनी त्यातले दाणे तेवढे वेचून खाल्ले. त्यानंतर काही दिवस मी झाकण बंद ठेवून हिंडलो. परंतु माझ्या वैराग्याची मुदत फार नसते, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी बसलो असता कोणीतरी "हा बाण कसला?" म्हणून विचारले, आणि कॅनडापर्यंतचा सर्व तपशील मी अंधार पडेपर्यंत सादर केला.

उजव्या पट्ट्यानेही आता धागे सोडायला सुरुवात केली आहे. पत्नीने पलंगाची उरलेली नवार मोजून तिच्यावर निळ्या शाईने ठळक बाण काढून ठेवला असून, टोकाला टोक भिडवणारा दुसरा बाण तिच्या हयातीत उमटणार नाही, अशी मला समज देण्यात आली आहे.