साहेबांची भरती

फौजेतील अधिकाऱ्यांनी सामान्य शिपायाबरोबर, त्याच मैदानावर आणि त्याच उस्तादाच्या शिव्या खाऊन मूलभूत प्रशिक्षण पुरे करावे की करू नये, हा प्रश्न, ज्यांनी हयातीत वर्तमानपत्राहून जड वस्तू उचललेली नाही अशा विचारवंतांच्या बैठकांतून मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलखाला या चर्चेचे आमंत्रण नसते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण येथून फौजेला पाय पुरवले जातात, अभिप्राय मागवले जात नाहीत.

हे पाय पाहावयाचे असतील तर पहाटे पाचाच्या सुमारास, ओहोटीने वाळू घट्ट झालेली असताना, नरपड-चिखल्याच्या किनाऱ्यावर जावे, किंवा तलासरीकडील एखाद्या पाड्याच्या डांबरी रस्त्यावर उभे राहावे. मोटारसायकलच्या काट्यावर अंतर मोजून चुन्याची रेघ ओढलेली असते, रेघेपाशी एकजण मोबाइलचे घड्याळ धरून उकिडवा बसलेला असतो, आणि अंधारातून धापा टाकीत येणाऱ्या प्रत्येक पोराला तो "पाच पन्नास! परत!" एवढाच निकाल ऐकवतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावल्यास ६० गुण, बीमला लोंबकळून दहा वेळा हनुवटी वर नेल्यास ४०, आणि शिवाय नऊ फुटांचा चर उडीने ओलांडणे, हा हिशेब येथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो.

आता न्यायाची गोष्ट न्यायानेच सांगितली पाहिजे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्र गाद्यागिरद्यांवर लोळतात अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती खुशाल सोडून द्यावी. तेथेही पहाट आहे, रगडा आहे, तोरण्याच्या नावाचा कॅम्प आहे. आणि पुढे ज्याला कडक सलाम ठोकावयाचा त्याच छात्राला कवायतीच्या मैदानावर यथेच्छ घाम गाळावयास लावण्याचा परवाना उस्तादाला आहे, व तो त्याचा उपयोगही मनापासून करतो. श्रमात डावेउजवे करण्यासारखे फारसे नाही. अंतर आहे ते वेशीपाशी. साहेबाच्या वेशीवर ९०० गुणांची लेखी परीक्षा, तीतले २०० इंग्रजीचे, आणि तितक्याच गुणांची निवडमंडळापुढील पाच दिवसांची पारख उभी असते. आणि ज्या पोराने इंग्रजी हा विषय शाळेच्या वेळापत्रकातच काय तो पाहिला, त्याला ती वेस सुळक्याहून उंच वाटावी यात नवल नाही.

परंतु २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून या प्रश्नाला जे गणिती सौंदर्य प्राप्त झाले आहे त्याकडे विचारवंतांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही. समजा, एकाच दिवशी दोन मुलगे घर सोडतात. एक प्रबोधिनीत दाखल होतो, दुसरा अग्निवीर म्हणून. तीन वर्षे खडकवासला आणि एक वर्ष डेहराडून अशी चार वर्षे भरून पहिला ज्या सुमारास खांद्यावर दोन तारे लावून नोकरीस प्रारंभ करतो, नेमकी त्याच सुमारास दुसऱ्याची, प्रशिक्षण धरून, चार वर्षांची नोकरी समाप्त होते. चौघांतला फार तर एक ठेवून घेतला जातो, आणि बाकीचे तिघे सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन एस.टी.तून तलासरीला उतरतात. म्हणजे साहेब पहिला हुकूम देण्यासाठी तोंड उघडतो तोवर ज्याला तो द्यावयाचा तो शिपाई घरी पोहोचून पेजेला बसलेला! दोघांच्या शिक्षणात समानता हवी असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी समाधान मानावे. एकाचे शिक्षण आणि दुसऱ्याची कारकीर्द सरकारने अगोदरच सारख्या लांबीची बेतली आहे.

परदेशचे दाखले देणारांची तोंडे अर्थातच एवढ्याने बंद होत नाहीत. इस्रायलात अधिकारी शिपायांतूनच निवडला जातो, असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. चीनने २०१३ साली फर्मान काढून वरिष्ठ अधिकाऱ्यांना किमान पंधरा दिवस शिपाई म्हणून बराकीत राहावयास लावले, हेही खरे. मात्र सोळाव्या दिवशी साहेब पुन्हा साहेब होतो, ही त्या फर्मानातली सोय नजरेआड होऊ नये. आमच्या मुलखापुरते बोलावयाचे तर अधिकारी आणि शिपाई बरोबरीने धावल्याचा एकच सबळ पुरावा आहे. १९५४ च्या पावसाळ्यात मुक्तिसैनिक नगरहवेलीत शिरले तेव्हा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपायांसह सिल्वासा सोडून खानवेलकडे निघाला, आणि ११ ऑगस्टला आमच्या उधव्यास येऊन भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. त्या धावेची वेळ कोणी टिपली नाही, पण हुद्द्याचा क्रम कोणी कटाक्षाने पाळला असेल असेही वाटत नाही.

समान प्रशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना आमचा सवाल अगदी साधा आहे : साहेबाचा पिठ्ठू कोण उचलणार? नौदल आणि हवाईदल सहायकावाचून चालतात; भूदलात अधिकाऱ्याच्या दिमतीस सहायक देण्याची वहिवाट साहेबी अमदानीपासून चालत आलेली आहे, आणि वहिवाट मोडणे हे शत्रूची फळी मोडण्याहून अवघड असते. साहेबाचे बोजे दुसऱ्याच्या डोक्यावर जाणे म्हणजे काय, हे या तालुक्यांना नव्याने शिकविण्याची गरज नाही. येथल्या वारल्याने पिढ्यान्‌पिढ्या वेठ वाहिली, आणि ती यापुढे वाहावयाची नाही हा निर्धार २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत हजारोंनी केला, तेव्हा सबंध सरकारी यंत्रणेला आपल्या हातांची उपयुक्तता प्रथमच जाणवली असावी. महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत मध्यरात्री सुळका चढणारा वाघाडीचा पुजारीदेखील देवीचा ध्वज स्वतःच नेतो. त्यासाठी त्याने सहायकाची मागणी केल्याचे कधी ऐकिवात नाही.

तेव्हा आमची सूचना अशी, की अधिकाऱ्यांचे मूलभूत प्रशिक्षण तलासरीस भरवावे, आणि त्यात धावण्याला दुय्यम स्थान द्यावे. कारण शिपायाचे खरे प्रशिक्षण मैदानावर नव्हे, तर दाखले गोळा करण्यात होते. रहिवासाचा, जातीचा, चारित्र्याचा, शाळा सोडल्याचा, आणि अविवाहित असल्याचा सरपंचाच्या सहीशिक्क्याचा, असे कागद प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने गणवेश उतरवून, नाव सांगताना हुद्दा न सांगता, मुदतीत मिळवावेत. "सर्व्हर बंद आहे, सोमवारी या" हे वाक्य ऐकल्यावर भुवई न उंचावता "बरं साहेब" म्हणून माघारी वळणे हा या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण अडथळा राहील, आणि नऊ फुटांच्या चरावरून लीलया झेपावणारे कित्येक जवानमर्द तेथे गारद होतील अशी आमची अटकळ आहे.

या अभ्यासक्रमाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. त्याच्या सातव्या कलमान्वये प्रशिक्षणार्थ्याने सहायक आणण्यास सक्त मनाई राहील. तथापि रांगेत जागा धरून ठेवण्यापुरता एक इसम दिमतीस देण्यात यावा, अशी उपसूचना पहिल्याच बैठकीत येईल व ती एकमताने संमत होईल हे जाणून, त्या कलमाखाली चार ओळी आम्ही आताच कोऱ्या सोडल्या आहेत.