लोड घेऊ नका

चाकणच्या आमच्या कंपनीतून दर दोन-तीन वर्षांनी एखादा जर्मन साहेब मुदत संपवून मायदेशी जातो, आणि जाण्याआधी त्याच्या घरातल्या सामानाची यादी कँटीनच्या नोटीस बोर्डावर लागते. यादी साधारण ठरलेली असते. वॉशिंग मशीन, सायकल, बागेतल्या खुर्च्या, कोणीतरी भेट दिलेला आणि कधीच न उघडलेला प्रेशर कुकर. मागच्या खेपेला मात्र यादीच्या तळाशी एक ओळ होती: बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा, २०० वॅट, फक्त हेड.

मी कंपनीच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रातला बेसवाला म्हणजे लग्नातला मुलीचा मामा. तो असतो तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही. नसला की मुहूर्त टळायची वेळ येते आणि मग सगळे त्याच्या नावाने ओरडतात. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस कुठे आहे ते मी लोकांना बोट दाखवून दाखवतो. लोक "हो का" म्हणतात आणि पुन्हा शब्द गुणगुणू लागतात. आचार्य अत्रे रंगमंदिरात आमचा कार्यक्रम झाला तेव्हा साउंडवाल्याने माझी वायर मिक्सरला जोडायचीच राहून गेली होती, हे मध्यंतरात कळलं. तेही मलाच. तेव्हापासून स्वतःचा अ‍ॅम्प हवा हे डोक्यात होतं.

'फक्त हेड' हे शब्द मी वाचले होते. मनावर घेतले नव्हते.

पंचवीस किलोचं ते धूड मोशीच्या घरी आणलं. जाळीतून चार मोठे पॉवर व्हॉल्व्ह आणि तीन छोटे दिसत होते. बायकोने वाकून पाहिलं. "अहो, हे काय? इन्व्हर्टर?"

"अ‍ॅम्प आहे गं. आत दिवे लागतात."

"आणि आवाज?"

"त्याला वेगळं खोकं लागतं. स्पीकरचं."

"म्हणजे मुंडकं आणलंत, धड राहिलं," असं म्हणून ती आत गेली. 'हेड' या शब्दाचं इतकं चोख भाषांतर आमच्या कंपनीच्या दुभाष्यालाही जमलं नसतं.

मी निदान दिवे तरी लावून पाहावेत म्हणून प्लग शोधू लागलो. तेवढ्यात मेंटेनन्सच्या मामांचा फोन आला. मामा इलेक्ट्रिकल विभागात तीस वर्षं आहेत आणि लहानपणी व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून घरच्यांचा मार खाल्लेले आहेत. "साहेब, चालू केला नाही ना? स्पीकर लावल्याशिवाय हात लावू नका. ट्रान्झिस्टरवाला अ‍ॅम्प बिनकामाचा तासभर चालू ठेवला तरी त्याला काही होत नाही. व्हॉल्व्हवाल्याला लोड लागतो. लोड नसताना वाजवला तर आतला व्होल्टेज चढत जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. गाडी न्यूट्रलला रेस केली तर निदान बोंबलते तरी. हा गप्प बसून आतल्या आत जळतो."

आमच्या भागात कोणी कोणाला धीर देतो तेव्हा "लोड घेऊ नको" असं म्हणतात. लोड घेतला नाही तर जळून जाणारा प्राणी मी पहिल्यांदाच घरी आणला होता.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे गिअरबॉक्स, हेही मामांनीच समजावलं. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा रोध समोर हवा, आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांची गाठ घालायची तर मध्ये दातांचं गणित जुळवणारं कोणीतरी लागतं. म्हणून अ‍ॅम्पच्या पाठीवर दोन भोकं असतात, एक ४ ओहमचं, एक ८ चं. जसं खोकं, तसं भोक. (पत्रिका जुळवण्याची उपमा इथे कोणालाही सुचेल. माझ्या सासऱ्यांना सुचली, आणि ती ते अजून वापरतात.)

आता मी आहे क्वालिटी विभागात. निर्णय घ्यायचा म्हटलं की माझा हात आपोआप एक्सेल उघडतो. आडवे रकाने आखले: वजन, आकार, ओहम, किंमत, लिफ्ट. पहिल्या ओळीत साहजिकच अँपेगचं नाव. या अमेरिकन कंपनीने १९६९ साली ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प काढला आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं उभं कपाट ठेवलं. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या दौऱ्यावर तो अ‍ॅम्प नेला. कपाटाला वाजवणारे 'फ्रिज' म्हणतात. उंची चार फूट, वजन साठ-पासष्ट किलो, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून जास्त. त्यामागचा विचार मात्र पटण्यासारखा आहे. १०० वॅटचे २०० केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, कानाला धड जाणवतही नाही. तेवढीच वाढ तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकरांची संख्या दुप्पट करूनही मिळते. तेव्हा वॅट विकत घेण्यापेक्षा हवा ढकलणारा कागद विकत घ्यावा.

रविवारी सकाळी टेप घेऊन मी लिफ्टमध्ये उभा राहिलो. फ्रिज बसत होता, मी बसत नव्हतो. त्याला एकट्याला वर पाठवून मी जिन्याने पळत जायचं, असा एक पर्याय वहीत लिहिला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय मोजताय?" मी म्हटलं, "फ्रिज." त्यांनी आमच्या घरी येऊन बायकोचं अभिनंदन केलं. तो संपूर्ण आठवडा मी सांगू इच्छित नाही.

दुसरा पर्याय आमच्या कीबोर्डवाल्याचा. खाली पंधरा इंची एक, वर दहा इंची चार. पंधरा देईल दणका, दहा देतील सूर. ऐकायला वरणभातासारखं सोपं. पण दोन्ही खोकी ८ ओहमची असली की दोघांना सारखी वीज मिळते. वरच्या चौघांत ती वाटली जाते, खालचा एकटा सगळी पितो. चौघं निवांत आणि एक मरमर मरतोय, ही रचना आमच्या प्रत्येक शिफ्टमध्ये आहे. घरी आणखी एक नको होती.

तिसरा पर्याय गावातलाच. भोसरीचा एक मंडप-साउंडवाला ओळखीचा. वराती, मिरवणुका, दहीहंडी सगळं करतो. त्याच्या गोदामात अठरा इंची स्पीकरांच्या भिंती, ज्यांना आपल्याकडे सरसकट डॉल्बी म्हणतात. त्या मूळच्या कंपनीला हे कळलं तर ती काय म्हणेल कोण जाणे. गुरुवारी, म्हणजे आमच्या औद्योगिक सुट्टीला, मी मामांना आणि अ‍ॅम्पला घेऊन तिथे गेलो.

"दादा, दोन अठराचे टाकू. खिडक्या हलल्या नाहीत तर पैसे देऊ नका."

मी मात्र आधी मल्टीमीटर काढला. खोक्यावर लिहिलेलं ८ ओहम. मीटरच्या वायर लावल्या. आकडा आला ६.१. मी मीटर झटकून पुन्हा लावला. ६.१. माझ्या खिशात लाल 'रिजेक्ट' स्टिकरांचं पाकीट कायम असतं, सवयच आहे. एक सोलून खोक्यावर लावायला वाकलो, तसा मामांनी माझा हात धरला.

"साहेब, मीटर मोजतो तारेचा सरळ रोध. ओहमची खरी गंमत आवाज चालू असताना. प्रत्येक सुराला वेगळा आकडा. स्पीकर स्वतःच्या नैसर्गिक सुरावर आला की हाच चाळीस-पन्नासच्या पुढे जातो. आठ हे त्याचं आडनाव आहे, वजन नव्हे."

म्हणजे ज्या वस्तूच्या अंगावर ८ लिहिलंय, जी मोजली तर ६ भरते आणि वाजली तर ५० होते, ती ओके. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक सप्लायरला मी परत पाठवलं आहे.

अ‍ॅम्प तापला, मी खालची जाड तार छेडली. गोदामाचा पत्रा थरथरला, बाहेर एक कुत्रं उठून गेलं. पण सूर? सूर कुठेच नव्हता. मिरवणुकीचं खोकं फक्त खालचा दणका देण्यासाठी बांधलेलं असतं, मधला आवाज वरच्या टॉपने द्यायचा असतो. बेस गिटारच्या तारेवर बोट घासल्याचा, लाकडाचा, नखाचा आवाज मधल्या पट्ट्यात राहतो. तो गेला की सा कुठला आणि म कुठला, नुसता धक्का. साउंडवाला खूश होता. "बघा, छातीत लागतंय की नाही?" लागत होतं. कानात काही येत नव्हतं.

शेवटी ठरलं, खोकं बनवायचं. बारा इंची दोन स्पीकर पुण्यात तपकीर गल्लीत मिळाले, ८ ओहमचे, समांतर जोडले की ४. आडनाव जुळलं. लाकडासाठी मी कंपनीच्या भंगार यार्डात गेलो. परदेशी मशीन ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या तिथे ढिगाने असतात, गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि खाली एचटी, म्हणजे कीड मरावी म्हणून भाजलेलं लाकूड. जर्मन अ‍ॅम्पला जर्मन लाकूड, याहून उत्तम काय? मामांनी एका फळीतली गाठ अंगठ्याने दाबली. गाठ पलीकडे पडली. "खोकं करताय का बासरी?"

मग १८ मिलीमीटरचं प्लायवुड, आणि आमच्या सोसायटीत किचन ट्रॉल्या करणारा मिस्त्री. मी त्याला ड्रॉइंग दिलं, तीन बाजूंनी, टॉलरन्ससकट. आतलं माप १२० लिटर. दोन भोकं, त्यात चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, लांबी पाच इंच, म्हणजे खोकं साधारण ४५ हर्ट्झला घुमेल. हे गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने पुढे नेलं. मी रात्री दोन वाजेपर्यंत बसून ते फक्त उतरवलं. मिस्त्रीने ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं. "हो जाएगा साहब. सनमायका कौनसा?"

तो प्रश्न माझ्या रकान्यांत नव्हताच. त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून आलं. खोकं आमच्या ट्रॉल्यांच्याच रंगाचं झालं, फिकट बदामी, बाजूला अ‍ॅल्युमिनियमची मूठ. अस्तरासाठी माझी उशी कामी आली. पुढची जाळी मशीन गार्ड करणाऱ्या ओळखीच्या फॅब्रिकेटरने दिली. फक्त पाइप मोजले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाच इंच सांगितले होते, होते सहा. दोन्ही.

"पाइप का टुकडा उतना ही था," मिस्त्री म्हणाला. "काटता तो बेकार जाता."

एनजी, म्हणजे 'नॉट गुड'! मी लाल स्टिकर काढलं. मामांनी मोबाइलवर सूर सोडणारं अ‍ॅप उघडलं, अ‍ॅम्पला जोडलं आणि आकडा हळूहळू खाली आणत स्पीकरच्या कागदाकडे बघत बसले. एका जागी कागद जवळजवळ थांबला आणि पाइपातून वारा सुटला. ४२ हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ ला वाजते. माझ्या गणितापेक्षा मिस्त्रीची काटकसर सुराच्या जवळ गेली होती. मामा काही बोलले नाहीत, पण ते स्टिकर त्यांनी माझ्या हातातून घेऊन माझ्याच शर्टाला लावलं.

आता वाजवायचं कुठे हा प्रश्न उरला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ असा नियम आहे. त्यात २०० वॅटचा अ‍ॅम्प फक्त गरम होतो. मी आवाजाचं बटण एकावर ठेवून गुरुवारी दुपारी वाजवू लागलो. हॉलमध्ये काहीच ऐकू येईना. कारण सोपं आहे. इतक्या हळू आवाजात खालचे सूर कानाला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. थरथर मात्र स्लॅबमधून खाली जाते. खाली राहतात काका, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममधून निवृत्त झालेले.

तिसऱ्या गुरुवारी बेल वाजली. दारात काका, हातात वही. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"लोड घेऊ नका हो. मी तक्रार घेऊन आलेलो नाही," ते आत येत म्हणाले, आणि खोक्यावर टिचकी मारून सनमायकाचा जोड निरखू लागले. "दोन आठवडे बघतोय. तुमची दुसरी तार मोकळी वाजली की आमचा पोह्यांचा डबा वाजतो. तिसरीला काही नाही. सगळ्यात जाड तार वाजली की शोकेसची डावीकडची काच." वहीत खरंच तारीखवार रकाने आखलेले होते, टूलरूमच्या अक्षरात. "आज दीड तास झाला, डबा वाजतोय, काच नाही. तार उतरली आहे का बघा बरं."

मी ट्यूनर लावला. उतरली होती.