काही देणं नाही

मरणावरचा कर आपल्याकडेही होता, आणि तो आणताना अर्थमंत्री होते आपलेच चिंतामणराव देशमुख. 1953च्या ऑक्टोबरात मृत्युकर लागू झाला. पुढे वीस लाखांवरच्या इस्टेटीला त्याचा दर 85 टक्क्यांपर्यंत चढला. विश्वनाथ प्रताप सिंहांनी 16 मार्च 1985पासून तो रद्द केला. तेव्हापासून माणूस गेला म्हणून सरकार काही मागत नाही. काही देणं उरलेलं नाही, एवढंच लेखी मागतं.

ते किती मागतं, हे बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये कळलं. दूरवाणीनगरच्या आय.टी.आय. या टेलिफोन कारखान्यातून निवृत्त झालेले काका गेले. घराचा खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मालकाची नोंद, काकूच्या नावावर करायचा होता. मृत्यूचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र आणि वंशवृक्ष. आम्हा मराठी मंडळींना वंशवृक्ष म्हणजे भैरप्पांची कादंबरी. इथे तो तालुका कचेरीतून मिळणारा दाखला निघाला. काकू म्हणाली, "अरे, एवढी वर्षं संसार केला, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता ह्यांची बायको मीच, हे तहसीलदारांनी सांगायचं?"

खरी गंमत बोजाच्या दाखल्याची. मागितलेल्या काळात मिळकतीवर व्यवहार नोंदलेले असतील तर कर्नाटकात फॉर्म 15 मिळतो. काहीच नसेल तर फॉर्म 16. नोकरदाराचा फॉर्म 16 सांगतो पगार किती आणि कर किती कापला. हा सांगतो, काहीही घडलं नाही. काकांना जन्मभर पहिला मिळाला, पश्चात दुसरा. काही न घडल्याचा कागद मिळवायला आपल्याला मात्र बरंच काही घडवावं लागतं.

घरपट्टीची मात्र काळजी नव्हती. पाच टक्के सूट मिळते म्हणून काका दर एप्रिलमध्ये भरून मोकळे व्हायचे आणि पावती फायलीत लावायचे. त्या फायलीवरून आम्ही त्यांना फार हसलो होतो. काकूचं निम्मं काम त्या फायलीनंच केलं.

तेव्हा घरातल्या फायलीवाल्या माणसाला हसू नका. त्याची फाईल कुठल्या कपाटात असते, एवढं आत्ताच विचारून ठेवा. आणि माणूस गेल्यावर त्याचा पॅन रद्द करायची घाई करू नका. त्याच्या शेवटच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसालाच भरावं लागतं, आणि ते त्याच पॅनवर.