दुरुस्तीनंतरचा आवाज

इंजिनचा पंखा दुरुस्तीआधीही वाजतच असतो; तो ऐकू येऊ लागतो बिल भरल्यावर. रेडिएटर बदलून गाडी घरी आली की त्याच संध्याकाळी मालकाच्या कानांना धार चढते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक ज्याला कधी ऐकू येत नाही, तो गृहस्थ काचा बंद आणि रेडिओ चालू असतानाही बोनेटखालची खरखर अचूक टिपतो. आवाज नवा आहे की नुसता कान नवा आहे, हे आधी ठरवावे.

मग पंख्याची जात पाहावी. अँबॅसिडर आणि पद्मिनीचा पंखा पट्ट्याने इंजिनशी बांधलेला असे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो विजेच्या मोटरवर चालतो. कूलंट साधारण 95 ते 100 अंशांपर्यंत तापले किंवा एसी लावला, की सुरू होतो. काही मोठ्या डिझेल गाड्यांत पट्ट्याचाच पंखा असतो, पण मध्ये सिलिकॉन तेलाचे व्हिस्कस कपलिंग. असा पंखा सकाळी सुरुवातीला थोडा वेळ घोंघावतो आणि मग गप्प होतो. त्यासाठी कोणाशी भांडू नये.

विजेच्या पंख्याची परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर दाबावा. आवाज इंजिनबरोबर चढत गेला तर पट्टा, वॉटर पंप किंवा अल्टरनेटर संशयित. इंजिन कितीही ओरडले तरी आवाज आपल्याच सुरात राहिला, तर तो पंखा.

यानंतर येते आवाज तोंडाने काढून दाखवण्याची पायरी. शास्त्राने तिची उपेक्षा केली असली, तरी मालकवर्गाचा सर्वाधिक वेळ तिच्यातच जातो. एरवी बँकेत कर्जाच्या फायली परत पाठवणारा शाखाधिकारी गॅरेजच्या दारात ओठांचा चंबू करून ‘घुर्रर्र’ करतो, समाधान न झाल्याने गाल फुगवून पुन्हा करतो आणि हाताने पात्यांची गती दाखवतो. मेकॅनिक शांतपणे ऐकतो आणि बोनेट उघडतो. आत पूर्ण शांतता. गाडी कट करते असा मालकाला पक्का संशय येतो. पण ती गॅरेजपर्यंत सकाळच्या गारव्यात आलेली असते, कूलंट पुरते तापलेले नसते, आणि पंखा सुरूच झालेला नसतो. एसी लावला असता तर नकलेची गरज पडली नसती. तरीही ही कला वाया जात नाही. नेमाने येणारी ‘टकटक’ म्हणजे मोकळी राहिलेली वायर पात्याला लागते आहे. ‘खरखर’ म्हणजे पंख्याभोवतालचे प्लॅस्टिक नीट बसलेले नाही, बहुधा एक क्लिप मेकॅनिकच्या डब्यात राहिली आहे. ‘चींऽ’ म्हणजे मोटरचे बुश कोरडे पडले. आवाजाबरोबर बोनेटही थरथरले, तर पात्याचा तुकडा उडालेला असतो. आणि चावी फिरवताच अखंड घोंघावणे सुरू झाले, तर तापमानाच्या सेन्सरचा प्लग लावायचा राहिला; इंजिनचा कंट्रोलर खबरदारी म्हणून पंखा सतत पळवतो.

“चालवून बघा, आपोआप बसेल,” हे गॅरेजचे आवडते निदान. राहिलेली क्लिप आपोआप बसत नाही.

पाते हाताने फिरवून पाहण्याआधी चावी काढावी आणि पंख्याचा प्लग सोडवावा, कारण अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. मालक हे सारे वाचतो, पण आत हात घालतो हेल्पर. मालक ज्याच्यावर डाफरतो तोही हाच पोरगा. त्याला सगळ्या पान्यांचे नंबर पाठ असतात. प्लग आधी सोडवायचा, हे मात्र त्याला अनेकदा कोणी सांगितलेले नसते. ते मालकाने सांगावे आणि प्लग सुटेपर्यंत त्याला हात घालू देऊ नये. रेडिएटरचे झाकणही गाडी थंड झाल्यावरच उघडावे. गरम असताना आत दाब असतो आणि उकळते कूलंट थेट अंगावर येते.

कूलंट बदलताना आत हवा अडकली असेल, तरी पंखा वरचेवर धावतो. ती काढली की थांबतो. एवढे सगळे होऊनही आवाज उरला, तर नवी मोटर घेण्याआधी खालचे प्लॅस्टिकचे कव्हर हलवून पाहावे. त्याचा एक स्क्रू बहुधा कमी असतो.