वर्ग सोडून सर्वत्र

कामशेतहून नाणे मावळाकडे वळले की वाटेत जिल्हा परिषदेच्या शाळा लागतात. तिथल्या गुरुजींचे वर्ष धावपळीचे पण समाधानाचे गेले, असे म्हणायची पद्धत आहे. दोन्ही खरे, फक्त समाधान वर्गात मिळते आणि धावपळ वर्गाबाहेर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढेच अपवाद ठेवले. २०२४मध्ये मावळात १३ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, म्हणजे एकाच वर्षात निवडणुकीचे काम दोनदा. उरलेल्या दिवसांत यू-डायस पोर्टलवर भरायची शाळेची माहिती आणि पोषण आहाराची रोजची नोंद. खिचडी शिजते चुलीवर, पण सरकारदरबारी पचते ती ॲपवर चढल्यावरच. पावसात रेंज गेली की मोबाइल उंच धरून व्हरांड्याच्या टोकाला उभे राहणे, हा गुरुजींचा व्यायाम.

कोणी म्हणेल, निवडणूक हे राष्ट्रकार्य आहे, आणि खिचडीमुळे तर पोरे शाळेत टिकतात. दोन्ही मान्य. पण अपवादाचेच वेळापत्रक झाले की नियम सुट्टीवर जातो. दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्यांच्या वाट्याला चारही इयत्ता येतात. शिवाय तांदळाचा हिशेब लिहायला डीएड लागत नाही, कारकून पुरतो. एखादी पोर अडखळत का होईना, जोडाक्षरे वाचू लागली, तर त्या आनंदासाठी पोर्टलवर रकाना नाही. हे बरेच म्हणायचे. नाहीतर तो आनंदही तीन प्रतींत, आजच्या आज मागवला असता.